हत्तीची पायरी

काम तसं सरळ होतं. नदीकाठच्या जुन्या राजवाड्यात, राजाच्या निजायच्या दालनात, मागच्या पिढीतल्या कुणा शहाण्याने भिंतींना सिमेंट फासून ठेवलं होतं. दगडाला घाम फुटला, पोपडे सुटले, तेव्हा कुठे वरच्या लोकांना जाग आली आणि ताईला बोलावणं आलं. ताई चुन्याच्या गिलाव्यात मुरलेली बाई. जुनी भिंत तिच्या हाती दिली की लोक निर्धास्त व्हायचे. सोबत तिचा धाकटा भाऊ असायचा, गवंडी. आईबाप लवकर गेले, त्यामुळे त्याला वाढवलं तिनेच. मिशा फुटल्या तरी ती त्याच्या डब्यात डोकावून बघायची आणि तो चारचौघांत लाजायचा.

राजवाडा मोठा चमत्कारिक बांधलेला होता. चार-पाचशे वर्षांपूर्वी ज्याने तो उभारला, त्याने नदीशी भांडण मांडलंच नाही. खालचा मजला त्याने सरळ तिला देऊन टाकला. तिथे कमानीच कमानी, जाड खांब, आणि नदीच्या अंगाला नावा आत घ्यायचा पाणदरवाजा. त्याला झडपच नव्हती. पूर आला की पाणी आत यायचं, कमानींखाली फिरायचं, ओसरलं की निघून जायचं. भिंतीवर जोर येत नसे, म्हणून भिंत टिकली. त्या खालच्या मजल्यातून एक अरुंद जिना वर येत होता आणि थेट राजाच्या दालनाबाहेरच्या बोळात उघडत होता. जिन्याच्या तोंडाशी हातभर जाडीचं लाकडी दार, आणि त्याचा अडसर फक्त वरच्या बाजूने. पाण्यातून शत्रू आला तर त्याला दार उघडता येऊ नये, हा हिशेब.

वाड्यातला गाइड हे सगळं रोज घसा ताणून सांगायचा. गोल पोटाचा, गोड तोंडाचा माणूस. प्रवासी आले की त्याच्या राजाला दर वेळी एखादी राणी जास्त असायची.

“बघा मंडळी, जिन्याच्या पायऱ्यांवर चित्रं कोरलीत,” तो म्हणायचा. “सगळ्यांत खाली मासा. मग कासव, मग बगळा, मग हरीण, आणि दाराच्या अगदी खाली हत्ती. पुराच्या दिवसांत इथे एक माणूस बसायचा. पायरीवाला म्हणत त्याला. पाणी चढलं की तो हाक द्यायचा, मासा बुडाला, कासव बुडालं... भिंतीतल्या नळीतून ती हाक थेट राजाच्या उशाशी जायची. हरीण बुडालं, की दार उघडून पायरीवाल्याला वर घ्यायचं, असा नेम होता. हत्ती बुडाला असं कुणी सांगायचंच नाही. कारण तेव्हा खाली माणूस उरायलाच नको.”

“नळी कुठाय ती?” कुणीतरी विचारायचंच.

“ते राजालाच ठाऊक,” म्हणून तो हशा पिकवायचा आणि मंडळींना पुढच्या दालनात न्यायचा.

नळी सापडली ताईला. सिमेंट उतरवून झालं, की खालचा जुना गिलावा बोटाच्या पेराने वाजवून बघायचा, ही तिची रीत. धरलेला गिलावा खणखणीत बोलतो, सुटलेला बद्द वाजतो. बद्द वाजेल तेवढा काढायचा, हा या धंद्यातला साधा नियम. राजाच्या पलंगाच्या कोनाड्याशेजारी तळहाताएवढा तुकडा असाच बद्द वाजला. तिने छिन्नी लावली, आणि मग हात आखडला. हा गिलावा थापीने केलेला नव्हता. नुसत्या हाताने चुना थापलेला, घाईघाईत, एकावर एक. बोटांचे ठसे तसेच वाळले होते, आणि बोटांच्या मुळाशी अंगठ्यांच्या खाचा उमटल्या होत्या. अंगठ्या घालून चुन्यात हात घालणारा गवंडी तिने जन्मात पाहिला नव्हता. ती थोडा वेळ विचारात पडली. पण बद्द ते बद्द. तिने तो काढला.

आतून गार वाऱ्याचा झोत आला आणि त्याच्यामागोमाग गाळाचा वास. पुराच्या पाण्याचा वास येतो तसा, कुजलेल्या पानांचा आणि ओल्या लाकडाचा. ताईने खिडकीतून बाहेर पाहिलं. उन्हाळ्याचे दिवस. नदी वाळूपलीकडे दोरीसारखी बारीक होऊन पडली होती.

दुरुस्तीचं काम बघणारे साहेब हरखून गेले. विद्वान माणूस, पण मनाने चांगला. त्यांनी नळीच्या तोंडावर हात फिरवला आणि ताईचा हातच हातात घेतला. “ताई, तुम्ही काय शोधलंत, तुम्हाला कल्पना नाही!” खरंच नव्हती.

पहिली हाक दुसऱ्या दिवशी दुपारी आली. ताई एकटी भिंतीवर पाणी मारत होती, आणि नळीतून अगदी जवळून, उशाशी कुणी बोलावं तसा आवाज आला.

“ताई, मासा बुडाला.”

तिला हसू आलं. धाकटा खाली कमानींच्या दगडांमधल्या दरजा भरत असणार, आणि गाइडची बडबड त्याला तोंडपाठ झालेली. ती नळीपाशी वाकून म्हणाली, “मेल्या, काम कर. चुना वाळतोय तिकडे.”

“कोणावर डाफरतेस ग?” मागून आवाज आला. धाकटा दारात उभा होता. दोन्ही हातांत चहाचे पेले, आणि केसांत बाहेरची धूळ. तो केव्हाचाच टपरीवर गेला होता.

ताईने वळून नळीकडे पाहिलं.  मग चहा घेतला आणि भिंतीपासून दूर जाऊन प्यायली.

पुढच्या दिवशी “कासव बुडालं” ऐकू आलं, तेव्हा धाकटा तिच्यासमोर घमेलं पालथं घालून त्यावर बसला होता. त्याने काहीच ऐकलं नाही. तिने ऐकलं ते त्याच्याच आवाजात. त्याची ती लहानपणापासूनची, शब्दाच्या शेवटी जराशी चिरकणारी ढब. त्यानंतरच्या दिवशी हाक आली, बगळा बुडाला. माणूस थंडीने कुडकुडत बोलतो तसं दात वाजत होते.

मग मात्र तिने त्याला सांगितलं. तो आधी हसला.

“माझ्यापेक्षा बरा बोलतो का?”

“थट्टा करू नकोस. तू खाली जायचं नाहीस आता.”

“ताई, अग चुन्याचा वास डोक्यात गेलाय तुझ्या. दोन दिवस सुट्टी घे.”

ती साहेबांकडे गेली. मी ती नळी बुजवून टाकते, म्हणाली, फुकटात बुजवते. साहेबांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, नळी भिंतीत कुठे कुठे वळते कुणाला माहीत. पलीकडच्या काठावर गुराखी हाका मारतात, त्या वाऱ्याने इथे येत असतील.

“पण मला ताई म्हणतो तो.”

“ताई तर तुम्हाला सगळेच म्हणतात,” साहेब हसून म्हणाले.

साहेबांच्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. राजवाड्याला पैसा पुरवणाऱ्या समितीची माणसं बघायला यायची होती. त्यांना राजाच्या दालनात बसवायचं, खाली एकाला पायरीवाला करून बसवायचं, आणि शेकडो वर्षांपूर्वीची ती हाक जशीच्या तशी ऐकवायची. दार मात्र बंद हवं, नाहीतर आवाज जिन्यानेच येईल आणि सगळी गंमत जाईल. आणि पायरीवाला कोण? धाकट्याचा आवाज खणखणीत. समितीला पसंत पडला तर वाड्याच्या देखभालीला कायमचा माणूस म्हणून त्यालाच ठेवू, असा शब्दही साहेबांनी दिला.

ताईने आकाशपाताळ एक केलं. ओरडली, रडली, अबोला धरला. मी बसते खाली, असंही म्हणाली.

“तू?” धाकटा म्हणाला. “चार पायऱ्या चढलीस की गुडघे कुरकुरतात तुझे.” मग तिच्याशेजारी बसला आणि आवाज उतरवून म्हणाला, “ताई, गावोगाव घमेली उचलून कंबर मोडली आपली. एका जागी राहू, आपलं घर होईल. चार जनावरांची नावं ओरडायचीत फक्त. नदीत तर पाऊलभर पाणी नाही. मला किती दिवस असं कडेवर घेऊन फिरणार आहेस?”

त्याच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. हेच तर वाईट होतं. भीती सोडली तर तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं, आणि नुसती भीती कुणाला दाखवता येत नाही. शेवटी तिने एकच अट घातली. अडसराला हात तिचा राहील. हरीण म्हटलं रे म्हटलं, की ती दार उघडणार, पाहुणे काही का म्हणेनात.

“उघड बाई उघड,” तो म्हणाला. “ओवाळायला ताट घेऊन उभी राहा हवं तर.”

त्या दुपारी ऊन चांगलंच तापलं होतं. पाहुणे खुर्च्यांवर स्थिरावले, पंखे फिरत होते, कुणीतरी सरबत वाटत होतं. खाली नदीच्या अंगाला, पाणदरवाजासमोरच्या वाळूत गाइड छत्री धरून बसला होता, चुकार प्रवासी आत शिरून गोंधळ घालू नयेत म्हणून. धाकटा जिना उतरला. वळणावरून त्याने मागे पाहून डोळे मिचकावले. ताईने दार लावलं, अडसर टाकला आणि दोन्ही हात त्यावरच ठेवून उभी राहिली. बोळातून तिला दालन दिसत होतं, नळीचं तोंडही दिसत होतं.

“मासा बुडाला!”

आवाज असा स्वच्छ आला, की एका पाहुणीने दचकून मागे पाहिलं. मग टाळ्या.

“कासव बुडालं!”

साहेबांचा चेहरा फुलला. ताईने अडसरावरची पकड घट्ट केली.

“बगळा बुडाला...”

या वेळी तो दमल्यासारखा वाटला. “काय नट आहे हो!” कुणीतरी कौतुकाने कुजबुजलं. ताईने दाराला कान लावला. दारापलीकडे काहीच नव्हतं. ना पाण्याचा आवाज, ना त्याच्या श्वासाचा. आणि तरी त्या कोरड्या दुपारी दालनात गाळाचा वास पसरला. सरबताचा पेला तोंडाशी नेता नेता एका गृहस्थांनी तो परत खाली ठेवला.

“हरीण... हरीण बुडालं. ताई, दार उघड.”

तिने क्षणही दवडला नाही. अडसर उचलून फेकला आणि अंगाचं सगळं बळ लावून दार ओढलं. ते सहज उघडलं, इतकं सहज की ती मागे धडपडली.

जिना कोरडा होता. उन्हाची तिरीप कमानीतून आत येऊन पायऱ्यांवर पडली होती, आणि तिच्यात धूळ तरंगत होती. हत्ती कोरडा, हरीण कोरडं. ताई त्याला हाका मारत खाली धावली. मासा कोरला होता त्या पायरीवर त्याच्या चपला होत्या, नीट जोडून काढून ठेवलेल्या. खांब, कमानी, पाणदरवाजा, सगळीकडे लख्ख उजेड होता. वाळूत गाइड छत्रीखाली बसला होता. तिला पाहून तो उठला. इथून कुणीच बाहेर आलं नाही, तो म्हणाला, मांजरसुद्धा नाही.

वर कुणाची तरी किंकाळी ऐकू आली. ताई जिना चढून आली तेव्हा पाहुणे भिंतीपासून दूर एका कोपऱ्यात गोळा झाले होते. साहेब नळीसमोर उभे होते, आणि नळीतून आवाज येत होता.

“हत्ती बुडाला. ताई... हत्ती बुडाला. दार उघड ना ग.”

“उघडलंय!” ताई नळीला बिलगून ओरडली. “अरे उघडलंय रे, दार उघडंच आहे! तू कुठे आहेस?”

“दाराशीच आहे. बंद आहे ताई. मी धक्के मारतोय.”

तिने मागे वळून पाहिलं. बोळात दार सताड उघडं होतं, आणि उंबऱ्यावर ऊन पडलं होतं.

संध्याकाळपर्यंत शोध चालला. माणसं आणली, गळ टाकले, कमानींमधली फरशी उखडली. ज्या नदीत मूल बुडणार नाही तिथे जाळी ओढली. भिंतीत पोकळी असेल म्हणून साहेबांनी स्वतः हातोडा घेऊन दगड वाजवले. सगळे भरीव निघाले. पाहुणे केव्हाच निघून गेले होते. जाताना कुणी कुणाकडे पाहिलं नाही. दालनात दिवा लावला तेव्हा ताई, साहेब आणि गाइड एवढेच उरले होते, आणि तो आवाज.

“पाणी हनुवटीला लागलंय,” तो म्हणत होता. बराच वेळ तो तेच सांगत होता. पाणी चढत नव्हतं आणि उतरतही नव्हतं.

गाइड जमिनीवर बसला होता. त्याचं गोड बोलणं कुठल्या कुठे गेलं होतं.

“आमच्या आजोबांनी एक सांगितलं होतं,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “प्रवाशांना कशाला सांगायचं, म्हणून मी कधी... लोक म्हणत, राजाने पायरीवाल्याला मुद्दाम बुडवला. तसं नव्हतं ते. राजाने दार उघडलं होतं. वेळेवर, स्वतःच्या हाताने. खाली कुणी नव्हतं. पूर ओसरला, गाळ वाळला, तरी हाक थांबेना. राजाला झोप नाही, अन्न नाही. शेवटी एका पहाटे त्याने कुणाला न सांगता...”

त्याने नळीच्या तोंडाकडे पाहिलं. ताईला चुन्यातल्या अंगठ्यांच्या खाचा आठवल्या.

साहेबांचे ओठ पांढरे पडले होते. “ताई,” ते म्हणाले, “बुजवून टाका. मी पाया पडतो तुमच्या.”

ताई इतकी हसली की दोघं घाबरले. इतके दिवस ती हेच तर मागत होती. आता घमेल्यात चुना भिजलेला होता, थापी शेजारीच होती, आणि जगातलं कुणी तिला अडवणार नव्हतं. पण आत तिचा भाऊ होता. हाक ऐकू येते तोवर तो आहे. आणि एकदा थापी फिरली, की मग तो कुणाचाच नाही. तिने दोघांना बाहेर घालवलं. दालनाचं दार आतून लावून घेतलं, नळीपाशी बसली, आणि लहानपणी ताप आला की बोलायची तशी बोलू लागली.

“घाबरू नकोस. मी इथेच आहे. दार उघडं आहे बघ, जोर लाव. तुझ्यासाठी मी हलणार नाही इथून. ऐकतोयस ना?”

 मग तो बोलला. लहान मुलाला का ते न कळता मार बसला की ते जसं आधी रडतही नाही, नुसतं बघत राहतं, तसा त्याचा आवाज होता.

“ऐकतोय ताई. मघापासून ऐकतोय. पण तू असं का म्हणतेस?”

“कसं?”

“तुझाच आवाज आहे. वरून येतोय. सारखी त्यांना सांगतेयस... उघडू नका, बुडू दे त्याला.”

 “नाही रे!” ती किंचाळली. “मी नाही! मी कशी म्हणेन असं? अरे मी तर...”

“बघ,” तो रडत म्हणाला, “परत तेच म्हणालीस.”

तिने दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं. श्वाससुद्धा रोखला. दिव्याची ज्योत हलत नव्हती. दालनात कुठेच कसलाही आवाज नव्हता.

“ताई,” खालून तो कळवळून म्हणाला, “पुरे ग. आता तरी गप्प बस.”